दरड जात बघत नाही म्हणे!

मित्रा,

परवा मीटिंगनंतर तू म्हणालास, "पर्यावरण ही भरल्या पोटाची खाज आहे. आपण ॲट्रॉसिटीवर बोलू, आरक्षणावर बोलू." मी गप्प बसलो. बंदरावर जहाजाच्या पोटात उतरून दिवसभर फावड्यानं कोळसा ओढला होता. थुंकी काळी पडत होती. आज उत्तर देतोय.

तुझं अर्धं खरं आहे. सड्यावर बंगला बांधून 'कोकण वाचवा' म्हणणारे मीही बघतो. त्यांच्या निसर्गात धनेश पक्षी असतो, देवराई असते. बौद्धवाडी नसते. फोटो काढताना ते आमच्याकडे पाठ करून उभे राहतात. पण म्हणून पाणी त्यांचं झालं? जंगल त्यांचं झालं? चोरानं मालकी सांगितली म्हणून आपण घर सोडायचं?

२० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते काय तहान लागली म्हणून? पाणी कुणाचं, हा सवाल टाकायला गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती मोडायचं बिल आणलं. जमीन कुणाची, हा सवाल. पाणी कुणाचं, जमीन कुणाची, घाण कुणी उपसायची. याला पर्यावरण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता आमच्या संगमेश्वरात ये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पावसाळ्यात शास्त्री नदी बाजारात घुसते आणि मे महिन्यात वाडीत बायका टँकरची वाट बघतात. जांभा पाणी धरत नाही. धरायचं काम झाडांचं, ती तोडली. माती सुटली, नदीत गेली, पात्र गाळानं भरलं. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक खाजगी मालकीचं. मालक विकतो, ठेकेदार घेतो. आणि कुऱ्हाड कुणाच्या हातात? आपल्याच. रोजावर. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी खोटा.

२ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीच्या वर माणसं गेली. शहाणे म्हणतात, दरड जात बघत नाही. बरोबर, दरड बघत नाही. पण आमची वाडी उताराखाली, पऱ्याच्या काठाला बसवली तेव्हा बघितली होती की! वरची सपाट जागा कुणाला मिळाली ते गावात कुणालाही विचार.

प्रकल्प आला की मोबदला सातबाऱ्यावर मिळतो. ज्याचा सातबारा नाही त्याला धूर मिळतो.

आपण पँथर हे नाव कुठून घेतलं? १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. मग पुढचंही वाच. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनात वॉरन काउंटीत सरकारनं विषारी माती पुरायला काळ्यांची गरीब वस्ती निवडली. लोक ट्रकसमोर आडवे पडले. पाचशेच्या वर अटक झाली. माती पुरली गेलीच. हरले म्हणशील? १९८७ साली तिथल्या एका चर्च संघटनेनं देशभराचा हिशेब मांडला. विषारी कचरा कुठं पडतो हे सगळ्यात जास्त वंशावर ठरतं, हे आकड्यांनी सिद्ध केलं. आपला असा हिशेब कोण मांडणार? विद्यापीठ? वाट बघत बस!

२०२२ साली इजिप्तच्या जागतिक परिषदेत ठरलं की हवामानाच्या फटक्यानं बुडालेल्या गरीब देशांसाठी नुकसानभरपाईचा निधी काढायचा. आपलं सरकार जगाच्या दारात श्रीमंत देशांना म्हणतं, धूर तुम्ही केलात, पैसे तुम्ही द्या. शंभर टक्के बरोबर. तोच न्याय मग गावात लाव की! बाहेर समता मागायची आणि घरात खोती चालवायची, हे कसं?

मला आशा आहे. खोटी नाही. मी कोळशावर जगतो. उद्या कोळसा बंद झाला तर माझी चूल कशावर पेटेल, हे ठरवताना मी टेबलाला पाहिजे. उपकार म्हणून नव्हे, हक्कानं.

गाडगीळ समितीनं २०११ साली सांगितलं, निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या. मान्य. पण ग्रामसभेत आपण मागं उभे राहतो, सही करतो, चहा पिऊन घरी येतो. हे बंद. मुंबईत राहणाऱ्या पोरांनो, गणपतीला, शिमग्याला गावी येता ना? यंदा वही घेऊन या. कुठल्या वाडीत टँकर, कुठल्या वाडीवर दरड, कुणाच्या विहिरीत कारखान्याचं पाणी, कुणाच्या दारात कचरा. वाडीवार लिहा, नकाशावर खुणा करा. तो नकाशा घेऊन ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसू.

महाडला तळं ओंजळीनं उघडलं होतं. आपल्याला वही आहे.

जय भीम!