प्लास्टर निघतं, काम उरतं

गोवंडी, मुंब्रा, भिवंडीहून तान्ह्या बाळाला घेऊन दर आठवड्याला परळला येणाऱ्या आया आपल्या ओळखीच्या आहेत. बाळाच्या पायाला प्लास्टर असतं. जन्मतः पाऊल आत वळलेलं, म्हणजे क्लबफूट. साधारण आठशे ते हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो.

यावर खात्रीचा उपाय आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांच्या पद्धतीत पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. पाच-सात प्लास्टरमध्ये ते बहुतेक सरळ होतं. बऱ्याच बाळांची टाचेमागची कंडरा छोटासा छेद देऊन सैल करावी लागते. मोठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

खरी परीक्षा त्यानंतर. आडव्या पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल सरळ दिसतंय, मूल रडतंय, सासू म्हणते, 'काढ ते.' आई काढते. पाऊल पुन्हा वळतं, आणि दोष आईच्या माथी! (आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही देखभालीचं बजेट कुणी मंजूर करत नाही.) दर खेपेला बुडणारी रोजी आणि घरी एकटीने केलेली जागरणं यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

खुब्याचा सांधा निखळलेला असेल तर तो डोळ्यांना दिसतही नाही. हा दोष मुलींमध्ये जास्त, पायाळू बाळांमध्येही जास्त. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याच्या आपल्या सवयीने धोका वाढतो. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुधा पट्ट्यांवर भागतं. मुलगी लंगडत चालू लागल्यावर कळलं तर ऑपरेशन. म्हणून प्रसूतिगृहातून घरी निघण्याआधी बाळाचे खुबे तपासून मागा.

ग्रहणात आईने काही कापलं म्हणून असं झालं, हे आपल्या मोहल्ल्यातही ऐकू येतं. पैगंबरांचा मुलगा इब्राहिम गेला त्या दिवशी ग्रहण लागलं होतं. ग्रहणाचा कुणाच्या जन्ममृत्यूशी संबंध नाही, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं. मग सुनेला बोल कशाला?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत हे दोन्ही दोष आहेत. तपासणी आणि उपचार मोफत मिळायला हवेत. पण मोफत उपचारालाही दवाखाना चालू लागतो. परळचं १९२९चं वाडिया बालरुग्णालय जानेवारी २०२०मध्ये थकलेल्या अनुदानामुळे बंद पडण्याच्या बेतात होतं. लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पैसे सुटले.

महापालिकेकडे मागणी साधी आहे: ब्रेसच्या तपासणीची सोय उपनगरातल्या रुग्णालयांतच करा. आणि ती होईपर्यंत, मशिदीच्या कमिट्यांनो, महिला मंडळांनो, लहान झालेले पण धड असलेले बूट जमा करा. डॉक्टरांना दाखवून ते पुढच्या बाळाला देता येतील.