खोक्यावरचा वेग आणि भिंतीपलीकडचा वेग

मे २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा घरातील वाय-फायसाठी विनापरवाना खुला करण्याचे मसुदा नियम प्रसिद्ध केले. धोरणाची दिशा योग्यच होती. मात्र त्यापाठोपाठ विज्ञानवार्ता म्हणून जे पसरते आहे, त्याचा बराचसा भाग जाहिरातीची नक्कल आहे: नवा राउटर घ्या, वेग कितीतरी पट होईल, जुना अडगळीत टाका. भाड्याच्या खोलीत राहणारे चार विद्यार्थी अशा वेळी वर्गणी काढून महागडे यंत्र आणतात आणि ऐन ऑनलाइन मुलाखतीत आवाज पूर्वीसारखाच तुटतो. दोष त्यांच्या नशिबाचा नसतो. जो आकडा पाहून त्यांनी पैसे मोजले, त्या आकड्याचाच असतो.

तो आकडा कसा तयार होतो, हे आधी पाहावे. ‘एएक्स ३०००’ असे लिहिलेल्या राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर २४०२ मेगाबिट, असे प्रतिसेकंद कमाल वेग धरलेले असतात. दोहोंची बेरीज २९७६. ती वाढवून ३०००. नेहमीचा फोन किंवा लॅपटॉप मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते आणि समोरच्या उपकरणालाही ती पेलावी लागते. दोन रस्त्यांच्या वेगमर्यादा बेरजेत मांडून गाडीचा वेग सांगणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही. राउटरच्या खोक्यावर मात्र तेच गणित बिनदिक्कत छापले जाते.

याहून मूलभूत मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडली. वाहिनीची क्षमता तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. पण संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराशी तिचे नाते लॉगरिदमचे आहे. वाय-फाय ७ मध्ये एका चिन्हात १० ऐवजी १२ बिट बसवता येतात. हा लाभ २० टक्क्यांचा. त्यासाठी संकेत गोंगाटाच्या तुलनेत सुमारे चौपट सशक्त असावा लागतो. राउटर ज्या खोलीत आहे तिथे हे साधते; दोन भिंतींपलीकडे साधत नाही, आणि उपकरण निमूटपणे जुन्या, मंद पद्धतीवर येते. वाहिनीची रुंदी दुप्पट केली, तर तिच्यात शिरणारा गोंगाटही दुप्पट होतो, हेही त्याच सूत्रात आहे.

भिंतींचा मुद्दा भारतात विशेष जाचक ठरतो. मोकळ्या जागेतसुद्धा, तशाच अँटेनाला २.४ गिगाहर्ट्झवर जेवढी शक्ती मिळते, तिचा जेमतेम सहावा हिस्सा ६ गिगाहर्ट्झवर मिळतो. त्यात आपली घरे विटांची आणि सळया घातलेल्या काँक्रीटची. लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ फळ्या असलेल्या घरात घेतलेली मोजमापे पुण्यातल्या किंवा कोलकात्यातल्या घराला लावणे हा विज्ञानाचा अपमान आहे.

नव्या पट्ट्याचेही वास्तव समजून घ्यावे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. तिथे ३२० मेगाहर्ट्झच्या, एकमेकींवर न चढणाऱ्या तीन वाहिन्या बसतात. भारताच्या मसुद्यातील ५०० मेगाहर्ट्झमध्ये अशी एकच बसते. इमारतीत दोन शेजाऱ्यांनी ती लावली, की ‘स्वतंत्र महामार्ग’ वाटणीचा होतो.

नवे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. दाट वस्तीत मोकळा पट्टा मिळणे हा खरा लाभ आहे. दोन पट्टे एकत्र वापरण्याची वाय-फाय ७ मधील सोयही खरी आहे. पण दोन्ही लाभांसाठी राउटर आणि उपकरण दोघांनाही ते तंत्र अवगत हवे. ‘भविष्यासाठी आजच घ्या’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो: जुळणारी उपकरणे घरात येईपर्यंत राउटर जुना झालेला असतो.

खरा प्रश्न असा की अडथळा नेमका कुठे आहे? त्याचे उत्तर खरेदीने मिळत नाही, मोजमापाने मिळते. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. इथेच तो कमी भरला, तर दोष सेवेचा, योजनेचा किंवा १०० मेगाबिटच्या जुन्या पोर्टचा. वाय-फाय बदलून काही होणार नाही. केबलवर चांगला, राउटरजवळ चांगला आणि दूरच्या खोलीत वाईट असेल, तर राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा, किंवा त्या खोलीपर्यंत केबल ओढावी. साधी कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग वाहून नेते. कोणी मोठी फाइल पाठवू लागताच सर्वांचे संभाषण अडखळत असेल, तर पॅकेटांची रांग तुंबते आहे. त्यावर २०१८ मध्ये ‘आरएफसी ८२९०’ म्हणून प्रसिद्ध झालेली रांग-व्यवस्थापनाची पद्धत उपलब्ध आहे, आणि अनेक राउटरांत ती मोफत सॉफ्टवेअरने बसवता येते.

हे सर्व करूनही अडचण उरली, योजना ५०० मेगाबिटच्या पुढची असली आणि उपकरणे जुळत असली, तर नवा राउटर अवश्य घ्यावा. १०० मेगाबिटच्या योजनेवर मात्र तो वेग विकत देत नाही. खोक्यावरचा आकडा तेवढा देतो. प्रयोगशाळेत मापनाची त्रुटी न लिहिल्याबद्दल गुण गमावणाऱ्या विद्यार्थ्याने दुकानात त्रुटीविना छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आणि विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी तो आकडा किती अंतरावर, किती भिंतींपलीकडे आणि कोणत्या उपकरणावर मोजला, हे विचारल्याशिवाय छापू नये.