पावतीवर ‘प्रवासी एक’ लिहा

जत्रेतल्या पाळण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाळणेवाला चार फेऱ्यांचे पैसे घेतो, चार फेऱ्या देतो, आणि खाली उतरवताना ‘आता तुम्ही वैमानिक झालात’ असं म्हणत नाही. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचा व्यवहार मात्र मला पटत नाही.

तिथे दर हिवाळ्यात बर्फ आणि पाण्याची, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर लांबीची घसरगुंडी हातांनी बांधतात. १९२८ आणि १९४८ सालच्या ऑलिंपिकमधल्या बॉबस्लेच्या शर्यती तिथेच झाल्या. बॉबस्ले म्हणजे पोलादी पात्यांवरून घसरणारी गाडी. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. आता पैसे भरले की तिच्यात कोणीही बसावं. पुढे कसलेला चालक, मागे कसलेला ब्रेकवाला, मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखे दोन पाहुणे. सव्वा मिनिटात तळाला. आणि वर प्रमाणपत्र!

आता जमाखर्च मांडू. (बँकेत उभी हयात काढल्यावर दुसरं येतंय काय?) शर्यतीत खेळाडू ती जड गाडी धावत ढकलतात आणि मग आत उड्या मारतात. पहिल्या पन्नास मीटरांची वेळ वेगळी मोजतात, कारण तिथे गमावलेल्या शतांश सेकंदावर तळापर्यंत चक्रवाढ व्याज भरावं लागतं. पाहुणे ढकलत नाहीत. ते आधीच आत. वळणं एक जण घेतो, ब्रेक दुसरा लावतो, पाहुणा फक्त वजन पुरवतो. म्हणजे ठेव दमडीची नाही, आणि व्याजाची पावती सहीशिक्क्यानिशी!

आमच्या साहेबांच्या मेहुण्यांनी ते प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय. “खेळाडूला काय वाटतं ते आता कळलं हो!” म्हणतात. माझ्या हातांखालून रोज लाखो रुपये जातात. मी लखपती असल्याचं प्रमाणपत्र अजून कोणी दिलेलं नाही.

खेळाडूला काय वाटतं ते मनालीच्या शिवा केशवनला विचारावं. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे बॉबस्लेची चुलत बहीण. हिच्यात उताणं पडून घसरायचं. देशात बर्फाचा ट्रॅक नाही, म्हणून पठ्ठ्याने ल्यूजला चाकं लावली आणि हिमालयातल्या वाहत्या रस्त्यांवर, ट्रकांच्या शेजारून सराव केला. १९९८ ते २०१८, सहा ऑलिंपिकं. पदक शून्य. हा अनुभव काढा बघू विकायला! वीस वर्षांचं तिकीट, आणि शेवटी हात हलवत घरी. एक गिऱ्हाईक फिरकेल तर शपथ.

फेरी विका, खुशाल विका. भाडं परवडलं तर मीही बसेन, डोळे गच्च मिटून बसेन. फक्त प्रमाणपत्र नको. पावती द्या, आणि तिच्यावर लिहा, ‘प्रवासी एक’.