अमर सेना आणि रिकामी अंबारी

परवां उस्मानपुऱ्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं इतिहासाची गोष्ट निघाली. विषय होता प्राचीन इराणी पातशहाच्या ‘अमर’ म्हणविल्या जाणाऱ्या सेनेचा. घरच्या चिरंजीवांनीं एका इंग्रजी चित्रपटांत मुखवटे चढविलेले ते सैनिक पाहिले होते. ‘नांव अमर, आणि पटापट मरतात!’ असें म्हणून ते हसले. वडील मंडळींनींहि त्या हास्यास साथ दिली. मला मात्र तें हास्य खटकलें. आपण त्या इराण्यांच्या अज्ञानास हसलों असें सर्वांस वाटलें. वस्तुतः तें आपल्याच अज्ञानाचें प्रदर्शन होतें.

हिरोडोटस हा ग्रीक, म्हणजे शत्रुपक्षाचा लेखक. तोच या नांवाचा उलगडा करतो. त्या सेनेंतील कोणी मेला किंवा आजारी पडला कीं त्याच्या जागीं दुसरा निवडीत. संख्या दहा हजारांहून कधीं कमी नाहीं, कधीं अधिक नाहीं. एक हजार जणांच्या भाल्यांच्या बुडाशीं सोन्याचीं डाळिंबें, उरलेल्या नऊ हजारांच्या रुप्याचीं. शिपाई मरतो हें त्या पातशहासहि ठाऊक होतें. त्यानें अमरत्व दिलें तें शिपायाच्या जागेस! जुन्या इराणी भाषेंतील ‘सोबती’ या अर्थाचा शब्द ‘अमर’ या शब्दाशीं मिळताजुळता असल्यानें हिरोडोटसाची गफलत झाली असावी, असें कांहीं पंडित म्हणतात. तसें असेलहि, पण शत्रूच्या मनावर जी गोष्ट ठसली ती ही न तुटणारी संख्याच होती.

‘पण ते हरले ना?’ असा आक्षेप येईल. इ. स. पूर्वी ४८० मध्यें थर्मोपिलीच्या अरुंद खिंडींत, ग्रीकांहून आंखूड भाले घेऊन समोरून केलेला त्यांचा हल्ला फसला, हें खरें. पण दुसऱ्या दिवशीं रात्रीं सेनापति हायडार्नीस त्यांना डोंगरवाटेनें शत्रूच्या पिछाडीस घेऊन गेला आणि ती खिंड इराण्यांनीं जिंकली. पुढल्या वर्षीं प्लाटियास त्यांचा पराभव झाला, हेंहि मी नाकारीत नाहीं. भरलेला पट म्हणजे हमखास विजय नव्हे. मात्र ज्यांना आपण ‘हरलेले’ म्हणतों, त्यांचें साम्राज्य थर्मोपिलीनंतर दीडशें वर्षें टिकलें. एका पराभवानें न मोडणें हाहि राष्ट्राचा गुण आहे, आणि तो आपल्यांत किती आहे हें आपण कधीं तपासतों काय?

आपल्या घरांतहि हें शहाणपण एके काळीं नांदत होतें. सभासदानें शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था लिहून ठेविली आहे ती पाहा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारचा. स्वार पडला तरी घोडा, जागा व पगार हीं सरकारच्या दप्तरांत जिवंतच राहत. आपण सिंहगडावर पडलेल्या तानाजीचें नांव मुलांस शिकवितों, तें योग्यच. पण त्या नालबंदाची नोंद ठेवणाऱ्या दप्तराची गोष्ट किती घरांत सांगितली जाते?

पुढें सरंजाम आले, ज्याची त्याची फौज झाली. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर शौर्याची उणीव नव्हती. १७५१ सालीं सलाबतजंगाबरोबर बुसीची जी कवायती फौज आमच्या या शहरांत आली, तिच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान व त्याचे गारदी तेथें अखेरपर्यंत लढले. पण विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारींतून उतरून घोड्यावर बसले, आणि ती रिकामी अंबारी दिसतांच फौजेचा धीर खचला. एक जागा रिकामी झाली. ती भरण्याची रीतच आम्ही घालून ठेविली नव्हती.

ही केवळ जुन्या लढायांची कथा असती तर मीं लेखणी उचलली नसती. इतिहास शिकविणारे माझे एक सहकारी चार वर्षांपूर्वीं निवृत्त झाले. निरोपसमारंभ थाटाचा झाला, शाल-श्रीफळ झालें, ‘आपली जागा भरून निघणार नाहीं’ असें प्रत्येक वक्ता गहिंवरून बोलला. ती जागा खरोखरच अद्याप भरलेली नाहीं! तासिकेच्या मोलावर येणारा एक हुशार तरुण तीं व्याख्यानें देतो. पुढल्या वर्षीं आपण असूं कीं नसूं हें त्यालाहि ठाऊक नाहीं.

‘पोकळी कधीं भरून येणार नाहीं’ हें वाक्य आपण गौरव म्हणून बोलतों. मला तें कर्त्या माणसाचें अपयश वाटतें, आणि त्याहून अधिक त्याच्या मागें उरलेल्यांचें. वाचनालयें, नाट्यमंडळें, मासिकें, एका माणसाच्या खांद्यावर उभीं राहतात आणि त्याच्या तेराव्याबरोबर आटोपतात. आपण त्याचा पुतळा उभारतों, त्याच्या जागेवर माणूस बसवीत नाहीं. तेव्हां दहा हजारांतला एक पडतांच दुसरा उभा करणाऱ्या त्या इराण्यांस हसण्यापूर्वीं, आपल्या गांवांतील किती अंबाऱ्या रिकाम्या आहेत, हें एकदां मोजावें.