एका घरात नंबर वाटणारा एकच असावा



पूर्वी ओसरीवर ट्रान्झिस्टर असे. सेल घातले, कान पिळला, की नागपूर केंद्र लागे. आता अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडच्या घरांतही वायफायवर चालणारे स्पीकर दिसू लागले आहेत. देवघरात एक, माजघरात एक, आणि मोबाइलवरून भजन लावले की दोन्हीकडे एकदम वाजते. सोय चांगली आहे. पण काही घरांत थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते. स्पीकर मध्येच मुका होतो, मोबाइलला सापडत नाही. कोणीतरी सांगतो, 'बोर्ड गेला, नवा घ्या.' कापसाच्या पैशातून नवा येतो आणि तोही तसाच वागतो!

असे झाले की आधी घरातले राऊटर मोजावेत. आपल्याकडची जुनी घरे लांबलचक, भिंती जाड मातीच्या. समोरच्या खोलीतले वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून दुसरा राऊटर आणून वायर जोडली जाते. बहुतेक वेळा दुखणे तिथेच असते.

वायफायवर आलेल्या प्रत्येक वस्तूला राऊटर एक नंबर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. शेजाऱ्याच्या घरात हाच नंबर असला तरी बिघडत नाही, कारण ही मालिका घरगुती वापरासाठीच राखलेली आहे. पण एकाच घरात दोघांना एक नंबर मिळाला, तर एकाच गट नंबराचे दोन सातबारे निघाल्यासारखे होते. गाणे स्पीकरकडे जायचे की टीव्हीकडे, हे ठरत नाही.

दुसऱ्या राऊटरची वायर 'लॅन'च्या भोकात असली, तर गावात दोन पटवारी बसल्यासारखे दोघेही नंबर वाटतात आणि भांडण लागते. ती 'वॅन'च्या भोकात असली, तर घरात दोन वेगळी जाळी होतात. मोबाइल आपल्या जाळ्यात 'स्पीकर कुठे आहे?' अशी हाक देतो. ती हाक दुसऱ्या जाळ्यात जात नाही. 'गेस्ट' वायफायवर मोबाइल जोडला तरी बहुधा हेच होते.

उपाय बिनपैशाचा आहे. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असेल तर ते निवडावे. मग तो नंबर न वाटता फक्त वायफाय पसरवतो. तशी सोय नसेल, तर मुख्य राऊटरची वायर काढून ठेवावी आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि त्याचे 'डीएचसीपी' बंद करावे. नंबर वाटण्याच्या कामाचे हेच नाव. मुख्य राऊटरने १०० ते २०० एवढेच नंबर वाटावेत, असे त्यात ठरवून द्यावे, म्हणजे २ नंबर दुसऱ्या कोणाला जाणार नाही. शेवटी वायर जोडावी, पण लॅनच्याच भोकात. कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा घरी असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून ते पाहून घ्यावे.

आता भारनियमनाचे. लाइन आली की राऊटर आणि स्पीकर एकदम सुरू होतात. राऊटर अजून जागा झालेला नसतो, स्पीकर नंबर मागून थकतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर स्वतःच घेऊन बसतो. त्या नंबरावर तो कोणाला सापडत नाही. बॅटरीवाल्या स्पीकरची गोष्ट उलटी. तो जुना नंबर धरून जागाच राहतो. काही साधे राऊटर मात्र लाइन गेली की मागचे वाटप विसरतात आणि तोच नंबर टीव्हीला देऊ शकतात. म्हणून लाइन आल्यावर आधी राऊटर लावावा, दोन-तीन मिनिटे थांबावे, मग स्पीकर बंद करून पुन्हा सुरू करावा. रोजची कटकट नको असेल, तर मुख्य राऊटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाने स्पीकरचा नंबर कायमचा राखता येतो.

एवढे करूनही स्पीकर बोलला नाही, तर मात्र दुकानदाराकडे न्यावा. वॉरंटीचा कागद सोबत असू द्यावा.