शोधनिबंधाचा पाया प्रक्षेत्रावर

कृषिविज्ञानाच्या नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध परीक्षकाच्या हाती पडतो, तेव्हा तो शीर्षक आणि सारांश वाचून बहुधा थेट 'साहित्य आणि पद्धती' या भागाकडे वळतो, कारण प्रयोग कोठे, कोणत्या जमिनीत, कोणत्या हंगामात, किती पुनरावृत्तींनी आणि कशा मोजमापाने झाला हे कळल्याखेरीज पुढच्या तक्त्यांतील एकाही आकड्यावर मत देणे त्याला शक्य नसते. लेखकांची मेहनत मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच खर्च झालेली दिसते. पिकाचे जगातील, देशातील आणि राज्यातील क्षेत्र व उत्पादन सांगण्यात प्रस्तावनेची दोन पाने जातात, चर्चेचा भाग इतरांच्या संदर्भांनी भरून निघतो, आणि ज्या भागावर निबंधाचे भवितव्य ठरते तो विभागातल्या एखाद्या जुन्या प्रबंधातून उचलून, वाण आणि वर्ष बदलून, अर्ध्या पानात उरकला जातो. निबंध परत आला की त्याची कारणे इंग्रजीच्या कमकुवतपणात किंवा संपादकांच्या कठोरपणात शोधली जातात. ती पुष्कळदा या अर्ध्या पानातच सापडतात.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३पासून शेतावरचे प्रयोग अखंड चालू होते, तरी त्यांतील फरक पिकाला दिलेल्या खताचा किती आणि जमिनीच्या चढउताराचा किती हे सांगण्याची भक्कम रीत तेव्हा नव्हती. १९१९मध्ये रोनाल्ड फिशर तेथे रुजू झाल्यानंतर ती रीत आकाराला आली. कोणत्या वाफ्याला कोणती प्रक्रिया द्यायची हे माणसाच्या पसंतीने न ठरवता सोडतीने ठरवणे म्हणजे यादृच्छिकीकरण, तीच प्रक्रिया अनेक वाफ्यांत देणे म्हणजे पुनरावृत्ती, आणि जमीन जेथे सारखी आहे तेथील वाफ्यांचा एक गट करून तुलना त्या गटातच करणे म्हणजे स्थानिक नियंत्रण, ही तीन तत्त्वे आज कृषी पदवीच्या वर्गात शिकवली जातात. भारतातील शेतप्रयोगांसाठी त्यांची व्यवस्थित मांडणी डॉ. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पी. व्ही. सुखात्मे यांनी केली, आणि त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४मध्ये प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांनी त्याच्या आधारे विश्लेषण केले. त्याच ग्रंथाच्या नावाने आज एक वाक्य मंत्रासारखे लिहिले जाते: 'आकडेवारीचे विश्लेषण पानसे आणि सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार केले.' त्या ग्रंथात रचना एक नाही, अनेक आहेत. प्रयोग यादृच्छिक गट रचनेत होता की विभाजित प्रक्षेत्र रचनेत, मुख्य वाफ्यात पाणी आणि उपवाफ्यात खत होते की उलट, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि ज्यांचे नाव घेतले जाते त्यांच्या कामाचा हा सन्मानही नव्हे.

रचनेचा उल्लेख असला तरी तिचा हिशेब अनेकदा मांडलेला नसतो. यादृच्छिक गट रचनेत त्रुटीचे स्वातंत्र्यांश, ज्यांना बोलण्यात 'एरर डीएफ' म्हटले जाते, ते प्रक्रियांच्या संख्येतून एक वजा करून त्याला पुनरावृत्तींच्या संख्येतून एक वजा केलेल्या अंकाने गुणल्यावर मिळतात. चार प्रक्रिया आणि तीन पुनरावृत्ती असतील तर ते फक्त ६ भरतात, आणि इतक्या तोकड्या आधारावर काढलेला त्रुटीचा अंदाज डळमळीत असतो. म्हणूनच ते निदान १२ असावेत असा संकेत शिकवला जातो आणि चार प्रक्रियांसाठी त्याकरिता पाच पुनरावृत्ती लागतात. हे गणित पेरणीपूर्वी एका ओळीत होते. मळणी झाल्यावर ते कितीही वेळा केले तरी वाफे वाढत नाहीत. क्रांतिक फरकाचेही, म्हणजे ज्याला सर्वजण 'सीडी' म्हणून ओळखतात त्याचेही, तसेच आहे. दोन प्रक्रियांच्या सरासरीतील अंतर या आकड्याहून अधिक असेल तर ते लक्षणीय मानले जाते. परंतु प्रचरण विश्लेषणातील एफ चाचणीच लक्षणीय नसताना हा आकडा हाती घेऊन जोड्या लावत बसणे चुकीचे आहे. दहा प्रक्रिया असतील तर ४५ जोड्या होतात, आणि पाच टक्के पातळीवर, प्रक्रियांत खरा फरक मुळीच नसतानाही, त्यांतील सरासरी दोनहून अधिक जोड्या केवळ योगायोगाने वेगळ्या दिसू शकतात. अशा एखाद्या जोडीवर निबंधाचा निष्कर्ष उभा राहिला आणि त्यावरून शेतकऱ्याला शिफारस गेली, तर खताच्या जादा मात्रेचा खर्च त्याच्या खिशातून जातो.

वाफ्याच्या क्षेत्राबद्दलचे मौन हा दोष दिसायला किरकोळ आहे, परिणामाने मात्र मोठा आहे. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटर अंतरावर पेरून वाफा ५ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद आखला, तर ढोबळ क्षेत्र २२.५ चौरस मीटर होते. दोन्ही बाजूंची एकेक कडेची ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडल्यास निव्वळ क्षेत्र १४.४ चौरस मीटर उरते. कापणी ढोबळ क्षेत्राची आणि भागाकार निव्वळ क्षेत्राने, असे नकळत झाले, तर हेक्टरी उत्पादन ५६ टक्क्यांनी फुगते. नियम बिनचूक पाळला तरी या निव्वळ वाफ्यावर १०० ग्रॅमची तराजूची चूक हेक्टरी सुमारे ६९ किलो होऊन बाहेर येते, आणि तरीही तक्त्यांत उत्पादन दोन दशांश स्थळांपर्यंत छापायला पाठवले जाते. त्या दशांशांना काही अर्थ नाही. सरासरीसोबत प्रमाण त्रुटी दिली आणि अंक पूर्णांकात ठेवला तर वाचकाला अधिक माहिती मिळते. धान्याचे वजन कोणत्या ओलाव्याला केले हेही सांगायला हवे, कारण १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो धान्य १२ टक्के ओलाव्यावर आणले की जेमतेम ९३ किलो भरते.

जमिनीचे वर्णन 'मध्यम काळी' एवढ्यावर थांबते, तेव्हा निबंध त्या तालुक्याच्या बाहेर निरुपयोगी ठरतो. उपलब्ध स्फुरदाचेच उदाहरण घ्यावे. राहुरी किंवा परभणीच्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत तो ऑलसेन पद्धतीने, म्हणजे ८.५ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने काढला जातो. दापोलीच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ब्रे पद्धतीचे आम्लयुक्त फ्लोराइड द्रावण वापरले जाते. चुनखडीच्या जमिनीत ब्रेचे आम्ल चुन्याशीच झगडत संपते आणि स्फुरद कमी दिसतो, त्यामुळे पद्धतीचे नाव न देता छापलेला हेक्टरी १५ किलोचा आकडा कोकणातील वाचकाला एक आणि मराठवाड्यातील वाचकाला दुसरेच सांगतो. खताच्या मात्रेचेही हेच. शेतकऱ्याला दिलेल्या शिफारशीत स्फुरद ऑक्साइडच्या रूपात मोजण्याची वहिवाट आहे, तर काही नियतकालिके मूलद्रव्याच्या रूपातील आकडे मागतात; ऑक्साइडच्या हिशेबाने ६० किलो असलेला स्फुरद मूलद्रव्याच्या हिशेबाने २६.२ किलो होतो. कोणते रूप वापरले आहे हे पहिल्याच उल्लेखात स्पष्ट केले नाही, तर परदेशातील वाचक त्या प्रयोगातील मात्रा दुपटीहून अधिक समजेल.

हंगामाबाबत बहुतेक नियतकालिकांची भूमिका ठाम आहे: शेतप्रयोगाची किमान दोन हंगामांची आकडेवारी असावी. पावसावर अवलंबून असलेल्या प्रदेशात ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही, कारण एका खरिपातील पाऊस म्हणजे त्या प्रदेशाचे हवामान नव्हे. मात्र दोन वर्षांचे आकडे एकत्र करून सरासरी देण्यापूर्वी दोन्ही वर्षांच्या त्रुटींचे प्रचरण एकसारखे आहे का, हे बार्टलेटच्या चाचणीने पाहावे लागते. ते तसे नसेल, तर वर्षे वेगळी मांडणे हेच प्रामाणिकपणाचे असते. एका वर्षी ऐन फुलोऱ्यात पावसाने ताण दिला असेल तर तो झाकून ठेवण्याची गोष्ट नाही. आठवडावार पावसाचा तक्ता दिलेला निबंध अवर्षणाच्या वर्षातही मोलाचा ठरतो, किंबहुना त्या वर्षामुळेच अधिक मोलाचा ठरतो.

याच ओघात फसलेल्या प्रयोगांचा विचार आवश्यक आहे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीपुढे, सर्वांच्या बोलण्यातील 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को'पुढे, दरवर्षी येतात. परंतु ज्या प्रक्रियेने उत्पादन वाढले नाही ती विभागाच्या अहवालात राहते आणि काही वर्षांनी दुसऱ्या केंद्रावर दुसरा विद्यार्थी तोच प्रयोग नव्याने मांडतो. पुरेशा पुनरावृत्तींनी, योग्य रचनेत केलेल्या प्रयोगात फरक आढळला नाही, तर तो निष्कर्ष आहे, अपयश नव्हे, आणि तो प्रसिद्ध होण्याच्या योग्यतेचा आहे. याउलट एकाच प्रबंधाचे तुकडे करून वाढीची लक्षणे एका निबंधात, उत्पादन दुसऱ्यात आणि अर्थशास्त्र तिसऱ्यात पाठवण्याची प्रथा निषेधार्ह आहे. वाचकाला संपूर्ण प्रयोग कोठेच दिसत नाही आणि यादीतील निबंध तेवढे वाढतात.

नियतकालिकाची निवड निबंध पूर्ण झाल्यावर नव्हे, तर लेखनाच्या आरंभीच व्हावी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या १९३१पासून चालत आलेल्या 'इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस'चा वाचक देशभराचा आहे, तर १९७६मध्ये सुरू झालेल्या 'जर्नल ऑफ महाराष्ट्र अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज'चा वाचक याच मातीत काम करतो, आणि ज्या निष्कर्षाचा उपयोग पुरंदर किंवा पातूरपुरता आहे त्याने दुसऱ्याची निवड करण्यात कमीपणा नाही. पदोन्नतीच्या गुणांसाठी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे, म्हणजे 'नास'चे मानांकन पाहिले जाते, हे वास्तव आहे. पण तेवढ्याच निकषावर निवड करणाऱ्या लेखकाला आठवडाभरात स्वीकृती आणि त्यासोबत शुल्काचे बिल पाठवणारी बनावट नियतकालिके सहज गाठतात. जेथे परीक्षण होत नाही तेथे निबंध छापला जातो एवढेच. तो तपासला जात नाही. लेखकांसाठीच्या सूचना शेवटपर्यंत वाचणे, सारांशाची शब्दमर्यादा पाळणे, नावांचा क्रम आणि प्रत्येकाचा वाटा आधी ठरवून सर्वांची संमती घेणे, या बाबींना फार वेळ लागत नाही. परीक्षकांचे अभिप्राय आल्यावर प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यावे, आणि जेथे परीक्षकाचे मत पटत नाही तेथे आकड्यांच्या आधारे तसे सभ्यपणे लिहावे. संपादक अशा उत्तराचा आदरच करतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांना यानिमित्ताने एकच विनंती आहे. येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी विद्यार्थ्याकडून 'साहित्य आणि पद्धती' हा भाग संपूर्ण लिहून घ्यावा, त्यात वाफ्यांचा नकाशा, सोडतीचा क्रम, ढोबळ व निव्वळ क्षेत्र, माती परीक्षणाच्या पद्धतींची नावे आणि त्रुटीच्या स्वातंत्र्यांशांचा हिशेब असावा, आणि तो भाग विभागातील सांख्यिकी तज्ज्ञाला दाखवून त्याची मान्यता मिळाल्यानंतरच प्रक्षेत्रावर वाफे आखले जावेत.