अस्थींतले शिसे
जुन्या भिंतींच्या रंगाच्या पोपड्यांतून, हळदीला तेज यावे म्हणून कोणा लोभी व्यापाऱ्याने मिसळलेल्या लेड क्रोमेटमधून, कथलात भेसळ करून लावलेल्या स्वस्त कल्हईतून शिसे कणाकणाने पोटात जाते, शरीर त्याला कॅल्शियमच समजून अस्थींत थारा देते, आणि तेथे ते वर्षानुवर्षे दडून राहून, स्त्री गर्भवती झाली व गर्भाच्या पोषणार्थ तिच्या हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागले की, त्याच्यासवे उतरून, जन्मही न झालेल्या जीवाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. याहून क्रूर वारसा मला ठाऊक नाही. पुढे त्या मुलाची बुद्धी मंदावते, चित्त स्थिर राहत नाही, आणि मास्तर त्याला आळशी ठरवून मोकळे होतात! २००० साली आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, २०१६च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली, हे निःसंशय स्तुत्य आहे. परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीतच शिसे वितळविणाऱ्या भट्ट्यांवर अंमलदाराची नजर, आणि तेथील बालकांचे रक्त तपासण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात, एवढी तजवीज सरकारने विनाविलंब करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.